आत्याचे सोमवार

पेठ नाक्याच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत वळलं की आत्याची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या मागे दोन खोल्या, त्यांच्या मागे मोरी आणि एक चिकूचं झाड, एवढंच घर. गिरणी सुरू झाली की फळीवरची भांडी बारीक थरथरायची, आणि बंद झाली की एकदम कान रिकामे व्हायचे. मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात माझी आई गेली आणि वडिलांनी मला पेठेकडच्या आमच्या गावाहून जीपमध्ये बसवून इथे आणून सोडलं. गिरणीच्या ओट्यावर ते चहा प्यायले आणि त्याच जीपने परत गेले. जाताना आत्याला म्हणाले, "आक्का, पोरगी आता तुझी. मार नायतर तार." आत्या म्हणाली, "घरात पडेल ते काम करील, आमच्यातलं खाईल. आनखी काय." मला वाटलं, शाळेचं कुणीतरी विचारेल. मी पुस्तकांची पिशवी बरोबर आणली होती. ती आत्याने उघडून पाहिली आणि पुस्तकं बंबाजवळ ठेवून दिली.

त्या घरात सगळ्यावर पीठ असायचं. देवाच्या तसबिरीवर, टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालावर, मामांच्या भुवयांवर. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. मामा जन्मभर त्या घरघराटात राहिल्यामुळे असेल, पण फार कमी बोलायचे, आणि बोलले तर इतकं हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागायचं. विलासदादा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तेव्हा तो विशीत होता. काट्यावर बसून डबे तोलायचा, डब्यांवर खडूने नावं टाकायचा आणि दळण घेऊन येणाऱ्या बायकांची चेष्टा करायचा. "काकू, गव्हात खडे लय आहेत. वेगळे दळून देऊ का?" बायका हसायच्या आणि त्याला शिव्याही द्यायच्या. पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं, "नाव काय गं तुझं?" मी खाली बघत राहिले. तो म्हणाला, "बरं. बिननावाचा डबा दिसतोय. जा आत ठेव स्वतःला." तेव्हापासून तो मला डबा म्हणायचा. चार माणसांत नाव सांगताना मला आजही घाम फुटतो, पण त्याच्या त्या हाकेला मी लगेच ओ द्यायचे.

दादाला आकडी यायची. बोलता बोलता त्याचे डोळे वर जायचे, मान एका बाजूला वळायची आणि तो काट्यावरून खाली पडायचा. मग हातपाय झाडायचा, तोंडाला फेस यायचा, कधी जीभ चावली जायची. मामा त्याचं डोकं मांडीवर घ्यायचे. आत्या कांदा फोडून नाकाशी धरायची आणि मोठमोठ्याने देवाला हाका मारायची. डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या. किती दिवस, असं आत्याने विचारलं तेव्हा ते म्हणाले, जन्मभर. हे ती मला कितीतरी वेळा सांगायची, आणि दर वेळी त्या शब्दाशी येऊन थांबायची. मुलाच्या लग्नाचं बघायला लागली होती ती. एक-दोन स्थळं घरापर्यंत येऊन, कुणीतरी काहीतरी सांगितल्यावर, चहा न घेताच परत गेली होती. मग तिला कुणीतरी एका महाराजांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, सोळा सोमवार करा, अळणी आणि निर्जळी. संध्याकाळी पूजा झाल्यावर चुरमा खाऊन सोडायचा. आणि त्या दिवशी घरात औषध नको. एका हाताने देवाला धरलंय आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरला, हे देवाला चालत नाही.

आत्याने पहिला सोमवार धरला आणि दुपारीच पित्ताने आडवी झाली. तिचं डोकं इतकं दुखायचं की ती भिंतीवर आपटून घ्यायची. ती पुन्हा महाराजांकडे गेली. ते म्हणाले, घरातली कुवार मुलगी असेल तर तिने केला तरी चालतो, उलट तिचं जास्त लागू पडतं. आत्या घरी आली ती हसतच. मला जवळ बसवलं, आल्यापासून पहिल्यांदाच पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अलके, तुला आमच्याकडं देवानंच धाडली बघ." मलाही ते खरंच वाटलं. आई गेल्यापासून मी कुणाच्याच कामाची नव्हते. आता मी कामाची झाले होते.

सोमवारी आत्या मला अंधारातच उठवायची. आम्ही दोघी रामकुंडावर जायचो. थंडीत तिथलं पाणी पायाला चावल्यासारखं लागायचं. आत्या काठावर शाल पांघरून उभी राहायची आणि मी बुडी मारून, ओल्या परकराने, तांब्या भरून कपालेश्वराच्या पायऱ्या चढायचे. संकल्प आत्याच्या नावाचा, ओलं अंग माझं. तिथून घरी आलं की गिरणी. सोमवारी गिरणीवर गर्दी असायची, कारण रविवारच्या सुट्टीत बायकांनी धान्य निवडून ठेवलेलं असे. गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी झोळीतून गरम पीठ डब्यात पडायचं, त्याचा वास पोटात जायचा. गव्हाचा वास मी सहन करायचे, बाजरीचा करवत नव्हता. बाजरी दळायला आली की मला आईची भाकरी आठवायची. पिठाचे कण ओठांवर बसायचे. एकदा आत्या म्हणाली, "जीभ फिरवू नको ओठावरनं. मोडंल." त्या दिवसापासून मी सोमवारी तोंडाला फडकं बांधायला लागले. बायका विचारायच्या, "काय गं, दात दुखतो का?" मी मान हलवायचे. दादा म्हणायचा, "डब्याला झाकण लावलंय, काकू. आत काय आहे ते देवालाच ठाऊक." थुंकी गिळली तर चालते का, हे मला कुणाला विचारता येत नव्हतं. म्हणून मी मोरीत जाऊन थुंकत राहायचे, संध्याकाळपर्यंत तोंड लाकडासारखं होईपर्यंत.

तिसऱ्या की चौथ्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी दादाला आकडी आली. तो शुद्धीवर आल्यावर आत्याने मला मोरीत नेलं आणि दार लावलं. तिच्या हातात गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा होता. "काय खाल्लंस काल?" मी म्हटलं, काही नाही. "खोटं बोलते. तू खाल्ल्याबगार माझ्या लेकराला असं होईल का?" तिने पायांवर मारलं, कारण पाय परकराखाली झाकले जातात. मी पुन्हा म्हटलं, काही नाही. तिने पुन्हा मारलं. मग मला आठवलं, की दुपारी एका बाईचा डबा उघडताना मी तोंडावरचं फडकं थोडं खाली केलं होतं. मी तसं सांगितलं. आत्याचा हात लगेच थांबला. ती दाराला टेकली, तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. "बघ," ती म्हणाली, "मला म्हाईतच होतं. जाऊ दे. पुढच्या सोमवारपास्नं पुन्हा पहिला."

असं मग चालू राहिलं. पाच सोमवार व्हायचे आणि मोडायचे, आठ व्हायचे आणि मोडायचे. आकडी आली म्हणजे सोमवार मोडला, आणि सोमवार मोडला म्हणजे तो मी मोडला. यात कुणालाच शंका नव्हती, मलाही नव्हती. मारणं थांबवायचं असेल तर काहीतरी कबूल करावं लागतं हे मी शिकले, आणि कबूल करायला काहीतरी नेहमी सापडायचं. हातगाडीवरच्या भज्यांकडे बघितलं होतं. आंघोळ करताना तोंडात पाणी गेलं होतं. एकदा तर काहीच सापडेना, तेव्हा मी सांगितलं की स्वप्नात आंबा खाल्ला. आत्याने त्याच्यासाठीही मारलं. आता दुपारी निवांत बसून हे लिहिताना मला त्या मारापेक्षा दुसरंच आठवतं. मी स्वप्नात आंबा खाल्ला हे खोटं होतं, पण त्या रात्रीपासून झोपताना मी देवाला हात जोडायचे की आज मला स्वप्न पडू देऊ नकोस.

दादाला हे कळत होतं. शुद्धीवर आला की चावलेल्या जिभेने तो पहिल्यांदा विचारायचा, "डबा कुठाय?" एकदा तो आईवर ओरडला, "तिला कशाला मारते? आकडी मला येते का तिला?" आत्या म्हणाली, "तू गप पड. तुला नाय कळायचं." नंतर तो आत्याला गोळी मागायचा, सोमवारीच मुद्दाम. आत्या डबी कमरेच्या पिशवीत घालून फिरायची. तिने त्याच्यासमोर माझ्याकडे बोट केलं. "तू गोळी घेशील अन् हिचा दिवस वाया जाईल. मंग पुन्हा हिलाच भोगावं लागंल." दादा माझ्याकडे बघत राहिला आणि गोळी न घेताच काट्यावर जाऊन बसला. माझ्यासाठीच तो ती घेत नव्हता.

मग एका पावसाळ्यात काय झालं कोण जाणे, सोमवार मोडायचे थांबले. सहा झाले, नऊ झाले, दसरा गेला, दिवाळी गेली. दादाला काहीच होईना. तो जाड झाला, सायकलवरून डबे पोचवायला लागला. आत्या दर मंगळवारी सकाळी त्याच्याकडे टक लावून बघायची आणि मग माझ्याकडे बघायची, आणि त्या बघण्यात माया असायची. तिने माझ्या केसांना स्वतः तेल लावलं. बोहारणीकडून घेतलेलं नव्हे, दुकानातलं नवंकोरं परकर-पोलकं मला शिवलं, मोरपंखी रंगाचं. शेजारणीला म्हणाली, "आमच्या अलकानं केले बरं का. एवढीशी पोर, पण पान्याचा थेंब नाय." हे ऐकताना मला रडू यायचं. मी दादाकडे बघायचे, त्याच्या दंडाकडे, त्याच्या हसण्याकडे, आणि मनात म्हणायचे, हे मी केलंय. मला भूक लागली की बरं वाटायला लागलं. एखाद्या सोमवारी भूक कमी लागली तर मी घाबरायचे, मुद्दाम बाजरीच्या झोळीजवळ जाऊन उभी राहायचे.

त्याच दिवसांत वडिलांनी दुसरं लग्न केलं. नव्या आईने निरोप पाठवला होता की पोरगी आहे तिथेच बरी आहे, इथे जागा नाही. आत्याने मला तो निरोप सांगितला आणि वर म्हणाली, "उद्यापन नीट पार पडू दे. मंग तू या घरची. तुझं लगीनबी मीच करीन. अन् नाय पडलं, तर जीप समोरच हुभी असती." मला दुसरं काही नको होतं. उद्यापन व्हावं, एवढंच हवं होतं.

उद्यापनाच्या सोमवारी घर माणसांनी भरलं. सोळा मेहुणं सांगितली होती, नवराबायकोच्या जोड्या. गिरणी बंद ठेवून आत धुऊन सतरंज्या घातल्या होत्या. मागच्या खोलीत पुरण शिजत होतं, कटाच्या आमटीला फोडणी पडली होती, तळलेल्या कुरडयांची परात भरली होती. मामा पहाटेपासून धावपळ करत होते. केळीची पानं आणा, पाट आणा, स्टँडवरून पाहुणे आणा. कॅम्पातल्या सुमनकाकू आदल्या दिवशीच आल्या होत्या. मामांच्या चुलतभावाची बायको. नवरा देवळालीला पलटणीत होता, रिटायर होऊन तिथेच राहिला. काकूंचं बोलणं मोठ्या आवाजात आणि अघळपघळ. आत्याला त्या आवडत नसत, कारण त्या शनिवारीसुद्धा अंडी खातात असं तिने ऐकलं होतं. पोळ्या लाटता लाटता काकू मला म्हणाल्या, "तोंड का सुकलंय गं तुझं? पाणी पी की." आत्या पटकन म्हणाली, "तिचा उपास हाये वहिनी." काकू म्हणाल्या, "तिला काय झालंय?" आत्या म्हणाली, "तिला कशाला काय होईल. विलाससाठी धरलाय." काकूंनी लाटणं थांबवलं, आत्याकडे बघितलं आणि पुन्हा लाटायला लागल्या.

पूजा मांडून झाली. ब्राह्मण आले. पानं वाढायला घेतली. विलासदादा नवा सदरा घालून पाहुण्यांना पाणी देत होता. आणि मी पडद्याआडून बघत असताना त्याच्या हातातला जग तिरका झाला. आधी पाणी सांडलं, मग तो सांडला. मेहुणांच्या पानांवर, मिठावर, लोणच्यावर, आडवा. इतकी मोठी आकडी मी कधी बघितली नव्हती. त्याचं डोकं फरशीवर वाजत होतं. बायका पदर तोंडाला लावून भिंतीला सरकल्या. काही जण तर चपला शोधायला लागले.

आत्या दादाकडे गेली नाही. ती माझ्याकडे आली. तिने माझी वेणी धरून मला मागच्या खोलीत आणलं, चुलीसमोर, सगळ्या बायकांच्या देखत. "काय खाल्लंस?" मी म्हटलं, काही नाही. "पुरण चाखलंस." मी म्हटलं, नाही आत्या. या वेळी कबूल करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी खरंच शोधलं. इतका स्वच्छ सोमवार मी कधी केला नव्हता. आत्या म्हणाली, "दाव मग." तिने माझं तोंड उघडलं आणि दोन बोटं घशात घातली. मी ओकले. तिने पुन्हा घातली. तिच्या बांगड्या माझ्या दातांवर आपटत होत्या. बाहेर फक्त पिवळं, कडू पाणी आलं, तेही चमचाभर. माझ्या मोरपंखी पोलक्यावर ते पडलं. आत्या खाली वाकून त्या पाण्यात बघत होती. एखादा कण, एखादी डाळ. काही नव्हतं.

तेव्हा आत्याचा चेहरा जसा झाला तसा मी नंतर कुणाचाच बघितला नाही. मला वाटलं होतं, पोट रिकामं दिसलं की ती मला सोडेल, कदाचित जवळही घेईल. पण तिला भीती वाटली. मी खाल्लं असतं तर सगळं ठीक होतं, पुन्हा पहिला सोमवार धरता आला असता. ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मंग का?"

दारात मामा उभे होते. दादाचं थांबलं होतं, कुणीतरी त्याच्या डोक्याखाली उशी दिली होती. मामा काहीतरी बोलले. कुणाला ऐकू गेलं नाही. सुमनकाकू म्हणाल्या, "काय म्हणता भावजी? मोठ्यानं बोला की."

मामा म्हणाले, "आज द्यायची राहिली."

"काय राहिली?"

"गोळी." मामा जमिनीकडे बघत होते. "श्रावणापास्नं मी देत होतो त्याला. सोमवारची. दुकानातनं वेगळी आणून. चहात कुटून. आज स्टँडवर गेलो अन् राहून गेली."

खोलीत पोळी करपल्याचा वास आला, पण तवा कुणी उतरवला नाही. मला सगळं हळूहळू कळलं. एक एक सोमवार मागे जात कळलं. तो जेव्हा पडला तेव्हा मी मोडलं म्हणून पडला नव्हता. हे कळून आनंद व्हायला पाहिजे होता. पण त्याच्या मागोमाग दुसरं कळलं, की तो जेव्हा बरा होता तेव्हाही माझ्यामुळे बरा नव्हता. त्याचे दंड, त्याची सायकल, तेल लावलेले माझे केस, त्यात माझं काहीच नव्हतं. मी पाण्याचा थेंब घेतला नव्हता आणि ते कुणाच्याच उपयोगाला आलं नव्हतं, देवाच्यासुद्धा नाही. पट्ट्याने कधी लागलं नाही इतकं ते मला लागलं. आणि मामांना मोरीच्या दारातून सगळं ऐकू येत होतं, इतकी वर्षं, हेही त्याच वेळी कळलं. त्यांनी मुलाला गोळी दिली. मला मारू नको, असं मात्र ते एकदाही बोलले नाहीत.

सुमनकाकूंनी पदराने माझं तोंड पुसलं. हाताला धरून बाहेर नेलं आणि मेहुणांच्या ओळीतल्या पहिल्या पाटावर बसवलं. नवीन पान घेतलं, त्यावर पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. आत्या मागून आली. "वहिनी, नैवेद्य व्हायचाय अजून. देवाच्या आधी हिला वाढता?"

"थांबंल देव," काकू म्हणाल्या. "त्याला कुणी ओकायला नाय लावलं."

"सोमवार मोडतोय तिचा."

"मोडू दे. कुणाच्या बापाचा सोमवार आहे?" मग त्या माझ्याजवळ उकिडव्या बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "खा बाळा."

मी म्हटलं, "काकू, मी काहीच केलं नाही."

मला म्हणायचं होतं की मी हे खायला पात्र होईन असं काहीच माझ्या हातून झालेलं नाही. त्या म्हणाल्या, "केलं नाय तर नाय केलं. भूक लागलीये ना? खा."

ब्राह्मण बघत होते, मेहुणं बघत होती, आणि एरवी कुणी बघितलं तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पण मी खाल्लं. तूप कोपरापर्यंत ओघळलं. ते माझ्यासाठी केलेलं नव्हतं. ज्याच्यासाठी केलं होतं तो देव समोर तसबिरीत पीठ अंगावर घेऊन बसला होता. मला वाटत राहिलं की आता काहीतरी होईल, दादा पुन्हा पडेल, छप्पर पडेल. दुसरी पोळी खाईपर्यंत काहीच झालं नाही. देवळात, कीर्तनात कृपा हा शब्द मी पुष्कळ ऐकला होता, आणि आत्याच्या तोंडी तर तो रोज असे, कृपा मिळवायची, कृपा पदरात पाडून घ्यायची. मला तो शब्द आजही नीट सांगता येत नाही. कुणी विचारलंच, तर कोपरापर्यंत ओघळलेलं ते तूप मला आठवतं. आणि हेही खरं, की फुकट मिळालेलं पचायला मला फार वर्षं लागली. लग्नानंतरही सोमवारी घास घेताना माझी मान आपोआप मागे वळायची.

त्या दिवशी पाहुणे कसेबसे जेवले आणि गेले. काकू जाताना मला घेऊन जातील असं मला वाटत होतं. त्यांनी नेलं नाही. त्यांच्या घरात आधीच माणसं खूप होती. त्यांनी आत्याला दारात ऐकवलं, "अगं बाई, पोराला रोज गोळी दे. सोमवारीबी दे. माझ्या भावाला हाच आजार आहे, त्याला दोन पोरं झाली." आत्या हो म्हणाली. रात्री भांडी घासताना ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गोळी देईन मी. पण सोमवारबी व्हायलाच पायजे. दोन्ही असलेलं बरं. पुढच्या सोमवारपास्नं पहिला." मी राख घेऊन परात घासत राहिले. ती म्हणाली, "ऐकलं का? नसंल करायचं तर सांग, जीप हाये."

पुढच्या सोमवारी तिने मला अंधारात हाक मारली. मी जागी होते. मी उठले नाही. माझं अंग गोधडीखाली गारठून गेलं होतं आणि मला जीपचा आवाज ऐकू येत होता, जीप नसतानाही. तिने दुसऱ्यांदा हाक मारली. मी म्हटलं, "आत्या, मी जेवणार आहे." एवढंच. माझ्या आयुष्यात मी कुणाला उलट बोलले ते एवढंच वाक्य. ती मारायला वाकली. मधल्या दारातून दादाचा आवाज आला, "आई. तिला हात लावलास तर आज गोळी नाय घेणार मी. बघ मग." आत्या सरळ झाली. मग तिने तांब्या उचलला आणि ती एकटीच रामकुंडावर गेली.

ती परत आली ती ओल्या लुगड्याने. तिने उपास स्वतः धरला होता. दादाला तिने स्वतःच्या हाताने गोळी दिली आणि त्याच्यासमोर पाट टाकून बसली. तो काट्यावर गेला तर तीही ओट्यावर जाऊन बसली. मी चुलीपुढे बसून भाकरी खाल्ली, तेव्हा तिने एकदा माझ्या ताटाकडे आणि लगेच दादाकडे बघितलं. ती वाट बघत होती. आई होती ती, आणि तिचा जीव होता त्याच्यावर. पण त्या दिवशी, मी खाल्लं म्हणून, त्याला एकदा आकडी यावी असं तिला वाटत होतं, हे मी तिच्या डोळ्यांत बघितलं. दादालाही ते दिसलं असावं. दिवसभर त्याने एकाही बाईची चेष्टा केली नाही.

त्याला काहीच झालं नाही. दुपारी आत्याचं डोकं दुखायला लागलं. ती आत येऊन जमिनीवर आडवी झाली, मग उठली, भिंतीला डोकं लावून बसली, मग ते आपटायला लागली. मी उंबऱ्यात उभी होते. मामा गिरणीत होते. मी चुलीवर तांदळाची पेज ठेवली, पातळ केली, वाटीत ओतून फुंकून निववली. तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिचं डोकं भिंतीपासून ओढून माझ्या खांद्यावर घेतलं. तिने डोळे उघडले.

"तुझ्यामुळं," ती म्हणाली.

मी वाटी पुढे केली.

"तुला कळत नाय का, सोमवार हाये माझा."

"हो."

"मी तुला किती मारलं, अलके." तिला बोलायला त्रास होत होता. "तू कशापायी देतेस?"

मी वाटी तशीच धरून बसले, हात दुखेपर्यंत. बाहेर गिरणीत बाजरी पडत होती. आत्याने खिडकीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग वाटी माझ्या हातातून हिसकून घेतली, भिंतीकडे तोंड वळवलं आणि एका दमात प्यायली. रिकामी वाटी तिने माझ्याकडे न बघताच जमिनीवर सरकवली. मी दुसरी भरून आणायला उठले.